कोपरापर्यंत मोकळे हात

बेबाबाई ही माझी थोरली जाऊ. समोर मी तिला अक्का म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मनात मात्र अगं-तुगं. ही गोष्ट मनातली आहे, म्हणून इथंही तसंच लिहिते.

दुसऱ्या कुणी काही करून दाखवलं की अक्काच्या जिवाला चैन पडायची नाही. एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आम्ही असोद्याहून जळगावला एका लग्नाला गेलो. तिथं रुखवतात, लाडू-करंज्यांच्या ताटांच्या मधोमध, तीन मजली केक मांडला होता. त्यावर गुलाब, मोगरा, वेलीची पानं, सगळं साखरेचं. बायका वाकून वाकून बघत होत्या. एकीनं तर इकडंतिकडं बघत पाकळी मोडून तोंडात टाकली. अक्का पंगतीत धड जेवलीसुद्धा नाही. परतीच्या बसमध्ये म्हणाली, "प्रमिला, चारूच्या लग्नात मले हेच पाहिजे. अन इकत आनलेलं नही. घरच्या हातचं."

चारू म्हणजे तिची एकुलती एक मुलगी. लग्न यावलच्या घरी ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. रुखवत म्हणजे मुलीकडच्या बायकांच्या हाताची परीक्षा, आणि अक्काला परीक्षेत दुसरा नंबर कधी चालला नाही.

चौकशी केल्यावर कळलं की भुसावळला रेल्वे कॉलनीजवळ ग्रेस टीचर हे शिकवतात. नगरकडच्या ख्रिस्ती बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमानही रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर. मागच्या खोलीत लांब टेबल, त्याभोवती दर गुरुवारी सात-आठ बायका. अक्कानं नाव घातलं. आता बाईमाणसानं एकटीनं भुसावळला कसं जायचं? म्हणून सोबतीला मी.

सोबतीला पाठवायला घरात मीच मोकळी असायची. माझे यजमान, मोतीलाल, चार वर्षांपूर्वी केळीच्या मळ्यात मोटार चालू करायला गेले आणि ओल्या हातानं बटन दाबलं. मूलबाळ नव्हतं. घरानं मला अंतर दिलं नाही, हे खरं आहे. खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची आबाळ कधी झाली नाही. पण हळदीकुंकवाला बायका आल्या की मी धान्याच्या खोलीत, आणि लग्नकार्यात मी भांड्यांच्या राखणीला. कुणी जा म्हणायचं नाही. मीच जायची. एवढं कळण्याइतकी अक्कल देवानं दिली होती.

पहिला वर्ग काही आठवड्यांचा, केक भाजण्याचा आणि त्यावर लोण्यात फेटलेली साखर लावण्याचा. मी टेबलाच्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसायची. अंडं आमच्या चुलीजवळ येणं शक्यच नव्हतं, म्हणून टीचरनी अक्काला दह्याचा केक सांगितला. घरी जाड पातेल्यात रेती तापवायची, त्यात डबा ठेवायचा, वर झाकण. अक्काला झाकण उघडून बघितल्याशिवाय राहवायचं नाही. केक मधोमध बसला की म्हणायची, "रेतीच खराब हाये." शेवटी घरचे केक मीच भाजायला लागले. अक्का फक्त वर लोण्याची फुलं काढायची. तिचे गुलाब फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दिसत, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एका गुरुवारी शिकवणं आटोपल्यावर टीचरनी गंमत म्हणून पुढच्या वर्गातलं एक फूल करून दाखवलं. पिठीसाखरेत डिंक मळलेला पांढरा गोळा. त्यातला चिमूटभर घेतला, अंगठ्यानं दाबला, कडा पातळ केली आणि एकेक पाकळी चिकटवत गेल्या. बघता बघता गुलाब उमलला. तो सुकला की चिनीमातीसारखा कडक होतो म्हणे. मला ते यावं असं वाटलं. इतकं वाटलं की मलाच माझा राग आला. चार वर्षांत मला काही हवंसं वाटलं नव्हतं आणि वाटलं ते हे, साखरेचं फूल!

पहिला वर्ग संपला तेव्हा टीचरनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "पुढचा वर्ग केकवर पांघरायच्या साखरेच्या पोळीचा आणि डिंकाच्या फुलांचा. त्याला मी सरसकट घेत नाही. तीन अटी आहेत. केक स्वतःच्या हातचा पाहिजे, आदल्या दिवशी भाजलेला, माथा सपाट, एक भेग नको. दुसरं, नखं कापलेली आणि हात कोपरापर्यंत मोकळे. अंगठी नको, दोरा नको, बांगडी नको. साखरेच्या पोळीवर बांगडी टेकली की खळगा पडतो आणि तो बुजत नाही. आणि तिसरं, इथं जे कराल ते चार लोकांत मांडायचं, शेजारी तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. कुठं मांडणार, ते आधी सांगायचं."

"ते कामून वो?" अक्कानं विचारलं.

"मागच्या खेपेला एकीनं महिनाभर खपून फुलं केली आणि लाजून कपाटात ठेवली. मुंग्यांनी खाल्ली. मी मुंग्यांसाठी शिकवत नाही."

अक्काला तिसऱ्या अटीची फिकीर नव्हती. तिचं रुखवत तयारच होतं. पहिल्या अटीची तर मुळीच नव्हती, केक भाजायला मी होते. अडलं ते मधल्या अटीवर. "बाई, नखं कापते, अंगठी काढते. पन बांगड्या कशा काढू? मालक जिवंत हायेत माहे!"

"माझेही आहेत," टीचर म्हणाल्या. "बाहेर पेपर वाचताहेत. विचारा त्यांना, काही होतं का."

बायका हसल्या. अक्का नाही हसली.

पुढच्या गुरुवारी ती माझ्या हातचा केक घेऊन तयारीनिशी आली. आधी बांगड्या वर सारून त्यावर रुमाल बांधला. टीचरनी साखरेची पोळी लाटायला दिली. लाटता लाटता रुमाल घसरला, बांगड्या खळकन् खाली आल्या आणि पांढऱ्या पोळीवर पाच चंद्रकोरी उमटल्या. टीचरनी पोळीचा पुन्हा गोळा केला.

अक्का नळाशी गेली. साबण लावून एकेक बांगडी उतरवायला लागली. एक वाढली. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं आमच्यात, वाढली म्हणायचं. अक्काचा चेहरा उतरला, पण माघार घेईल ती अक्का कसली! तिनं कमरेच्या पिशवीतून हळदीचा दोरा काढला. कासाराकडे नव्या बांगड्या भरताना सवाष्णीचा हात क्षणभरही रिता राहू नये, म्हणून असा दोरा बांधतात. ती तो घरून ओल्या हळदीत भिजवून घेऊन आली होती. एका हातानं तिला गाठ मारता येईना. मी पुढं झाले, तर तिनं हात मागं घेतला. असा दोरा माझ्या हातानं बांधून चालत नाही. तिनं दातांनी गाठ ओढली. मी परत खुर्चीवर येऊन बसले.

टीचर दुसऱ्या टोकाला होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. अक्कानं पोळी छान लाटली. दोन्ही हातांवर उचलून केकवर टाकली आणि मनगटानं कडा सारख्या करायला लागली. हाताला घाम आलेला. पांढऱ्याशुभ्र केकवर पिवळा पट्टा उठला, मग दुसरा. पुसायला गेली तर सगळ्या माथ्यावर हळद पसरली. केकलाच हळद लागली म्हणायची! समोरच्या बाईनं तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

"दोराही नको म्हटलं होतं," टीचर म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

अक्कानं दोरा काढला. मोकळ्या हातांनी पुन्हा गोळा घेतला. पण तिची बोटं चालेनात. ती सारखी मनगटाकडं बघत होती. शेवटी गोळा खाली ठेवून म्हणाली, "मोकळे हात पाहावत नही, बाई. मले नही जमनार." आणि उठून ओसरीवर जाऊन बसली.

तिची जागा रिकामी झाली. टीचरनी माझ्याकडं बघितलं. "घरचे केक तुम्हीच भाजता ना? वर्गात मी बघते, केकचं विचारलं की अक्का बोलतात आणि मान तुमची हलते. हात दाखवा."

मी हात कायम पदराखाली ठेवायची. सवयच लागली होती. लोकांची नजर आधी मनगटावर जाते, मग तोंडावर येते आणि मग दुसरीकडं वळते. मी पदरातून हात काढले आणि टेबलावर ठेवले. टीचरनी ते उलटसुलट करून बघितले, नखं बघितली. "हात चालतील," त्या म्हणाल्या. एवढंच. माझे मोकळे हात कुठं तरी चालतील, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पण नुसत्या हातांवर प्रवेश मिळत नाही," त्या पुढं म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी केक आणा. आणि कुठं मांडणार, ते सांगा."

मी कुठं मांडणार होते?

परतीच्या पॅसेंजरमध्ये अक्कानं खिडकीची जागा धरली. उतरवलेल्या बांगड्या रुमालात होत्या, पण एक वाढलेली, म्हणून उरलेल्या ती परत घालेना. भुसावळपासून जळगावपर्यंत दोन्ही हात पदराखाली धरून बसली. समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं पाणी पुढं केलं, तरी हिनं हात बाहेर काढला नाही. तहान लागलेली मला दिसत होती. जळगावला उतरल्या उतरल्या ती तडक कासाराच्या दुकानात शिरली आणि हिरव्यागार बांगड्या भरून घेतल्या. कासारानं सवयीनं माझ्याकडंही बघितलं, "तुमचा हात, ताई?" म्हणाला आणि त्याची नजर माझ्या कपाळावर गेली. तो घाईघाईनं डबे लावायला लागला. अक्कानं ते बघितलं.

असोद्याच्या बसची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो. अक्का म्हणाली, "घडीभर मोकळे होते हात, त जीव जाऊ रायला होता माहा. तू चार वरसं कशी राह्यली वो माय?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अक्काच्या! मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण हे मला नवीन होतं.

मग मीही धीर केला. "अक्का, मले शिकायचं हाये. चारूच्या रुखवतात मांडू द्या मले."

तिनं डोळे पुसले आणि मान हलवली. "ते नको मांगू. एकच पोरगी हाये माही. तिच्या संसाराले काही झालं त?"

माझं डोकं फिरलं. "अक्का, त्या मोटारीचं बटन मी नव्हतं दाबलं."

बस आली, आम्ही चढलो.

त्या आठवड्यात मी केक भाजायला घेतला. तिसरी अट पुरी होणार नाही हे कळत होतं, तरी भाजायला घेतला. हट्ट म्हणा. पहिल्या केकला मधोमध भेग पडली. दुसरा एका बाजूला चढला. चारू रोज कॉलेजातून येऊन विचारायची, "काकू, आजचाही बिघडला का?" आणि खूश होऊन बिघडलेला खाऊन टाकायची. तिच्या दोन मैत्रिणीही यायला लागल्या. बुधवारी मी जाळ अगदी मंद ठेवला आणि पातेल्यासमोर बसून राहिले. अक्का आली, शेजारी टेकली. तिचा हात झाकणाकडं गेला.

"उघडू नका," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

तिनं हात मागं घेतला. आम्ही दोघी वास येईपर्यंत तशाच बसलो. डबा काढला तर माथा परातीसारखा सपाट. अक्कानं बोट टेकवून बघितलं आणि नुसतं "हं" केलं.

गुरुवारी सकाळी मी केकवर लोण्याचा हात फिरवून डबा फडक्यात बांधला, तर अक्का लुगडं बदलून दारात उभी. म्हटलं, "तुम्ही कशाले?" म्हणाली, "तुले एकटीले धाडू का? लोक काय म्हन्तीन?" जळगावच्या बसमध्ये डबा तिनं स्वतःच्या मांडीवर धरला. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलायची आणि ड्रायव्हरला शिव्या द्यायची. रुखवताचं नाव तिनंही काढलं नाही, मीही नाही.

टीचरनी केकवर पट्टी ठेवून माथा बघितला. सुरी घालून तुकडा काढला, आत बघितला, चाखला. "चांगला आहे. मला दह्याचा केक इतका जमत नाही." मग हात बघितले. मग चष्मा काढून म्हणाल्या, "कुठं मांडणार?"

मी खोटं सांगायचं ठरवून आले होते. शेजारच्या पोराचा वाढदिवस आहे, असं. पण सगळ्या बायका बघत होत्या, आणि मला त्या खोट्याचा कंटाळा आला. "माझ्याकडं जागा नाही, टीचर," मी म्हटलं. "कार्यात मी पुढं येत नाही. येऊ देत नाहीत."

टीचरनी पट्टी बाजूला ठेवली. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं. "तुम्हाला सूट दिली, तर बाकीच्यांनाही द्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "जागा मिळाली की या. मी केव्हाही घेईन."

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं. रडायचं नाही, एवढंच मनाशी म्हणत होते.

"थांब वो." अक्का ओसरीवरून दारात आली होती. "झाकन नको लावू. बाई, लिहून घ्या. चारूच्या लग्नात मांडनार. आमच्या घरी, रुखवतात, मधोमध."

मी बघतच राहिले. टीचरनी विचारलं, "विचार करून सांगताय ना?"

"लय केला. रातभर तेच केलं," अक्का म्हणाली. "मले भेव हिच्या हाताचं. अन महिना झाला, केक हिच्या हातचा खाऊ रायलो आम्ही बठ्ठे, सारं घर. जास्त कोनं खाल्ला? चारूनं. काय झालं तिले? वजन वाढलं, दुसरं काही नही. शिंप्याकडून ब्लाउज उसवून आनले."

टेबलाभोवती हशा पिकला. टीचरही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि चिठ्ठीवर नाव कुणाचं?"

इथं अक्का अडखळली. मला वाटलं, संपलं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "जिनं केलं तिचं. प्रमिला मोतीलाल नारखेडे. ठळक लिहा, यावलची विहीन चश्मा घरी इसरून येते."

"लोक बोलतील, अक्का." हे मी म्हटलं. मलाच धीर नव्हता.

"बोलतीन," अक्का म्हणाली. "जेवाले त आमच्याच पंगतीत बसतीन ना? बोलू दे जेवता जेवता. मी हाये तिथी."

मग मात्र माझा बांध फुटला. मी भर वर्गात रडले, पदर तोंडाला लावून, लहान पोरीसारखी. अक्का जवळ आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या नव्या बांगड्या वाजल्या. "रडू नको आता," ती म्हणाली, "जा, हात धू. बाया खोळंबल्या तुह्यापायी."

मी नळाशी गेले. पदर कमरेला खोचला, ब्लाउजच्या बाह्या वर केल्या आणि हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. अक्काच्या जागेवर येऊन बसले. टीचरनी टेबलावर पिठीसाखर भुरभुरली, थोडी माझ्या तळव्यांवर टाकली, आणि पांढरा गोळा माझ्यापुढं ठेवला.